गाळा, खानावळ आणि उधारीची वही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या लहानपणी आमच्या घरात 'ताण' हा शब्द माणसांसाठी कोणी वापरत नसे. ताण यायचा तो सुतावर. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत सायझिंग खात्यात होते. मागावर जे उभं सूत चढवतात, तो ताणा. आडवं विणलं जातं, तो बाणा. ताण्याच्या सुताला सतत ओढ बसते, म्हणून ते मागावर चढवण्यापूर्वी त्याला खळ लावावी लागते. खळ नीट बसली नाही तर सूत तटातट तुटतं आणि विणकर सायझिंगवाल्यांच्या नावानं शिमगा करतो. आबांचं सगळं आयुष्य सुताला खळ लावण्यात गेलं.

माणसांसाठी आमच्याकडे वेगळे शब्द होते. कुणाच्या जिवाला घोर लागायचा, कुणी धसका घ्यायचं, कुणी हाय खायचं. 'ताण' किंवा 'स्ट्रेस' माणसाला येतो, हे बोलणं तसं अलीकडचं. धातूवर, दोरावर पडणाऱ्या जोरासाठीचा हा इंग्रजी शब्द शरीरशास्त्रात रुळवला तो हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं. उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्यं असे निरनिराळे त्रास दिले तरी त्यांच्या शरीरात होणारे काही बदल मात्र सारखेच असतात, असं त्यानं १९३६ साली एका छोट्या टिपणात मांडलं. त्याच्याही आधी अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी दाखवलं होतं की, संकट समोर आलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, हातपाय तयार होतात.

पण ज्याला लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, त्यानं काय करायचं? आज मला सांगायचं आहे ते अशा माणसांविषयी. मुंबईच्या गिरणगावात ती शंभर-सव्वाशे वर्षं राहिली. त्यांच्यासाठी डॉक्टर नव्हते, समुपदेशक नव्हते. तरी ती टिकली. कशी टिकली आणि कुठे तुटली, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग धुराड्यांनी भरून गेला. कामाला माणसं आली ती मुख्यतः कोकणातून आणि देशावरून, रत्नागिरीहून, साताऱ्याहून, पुण्याच्या बाजूनं. बहुतेक पुरुष एकटे यायचे. बायकापोरं, म्हातारे आईबाप, तुकडाभर जमीन आणि त्या जमिनीवरचं कर्ज गावाकडे राहायचं. गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. ज्या रविवारी सकाळी चहा घेत आपण ही पुरवणी वाचतो, त्या रविवारची ही पूर्वपीठिका आहे.

काम कायम असेलच याची खात्री नव्हती. बदली कामगारानं रोज पहाटे गिरणीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं. आत कुणी गैरहजर असेल आणि जॉबरची मर्जी असेल तर काम, नाहीतर आल्या पावली परत. अशी वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. पहाटे फाटकावर उभं राहून नाव पुकारलं जाण्याची वाट बघणं, हा ताण कुठल्याही यंत्रावर मोजता येणार नाही.

या माणसांनी स्वतःसाठी उभी केलेली पहिली गोष्ट म्हणजे गाळा. एका गावची, किंवा शेजारच्या दोन-तीन वाड्यांतली माणसं मिळून चाळीत एक खोली भाड्यानं घ्यायची. आमच्या चाळीत, आमच्या खोलीसमोरच आमच्या गावकऱ्यांचा असा गाळा होता. खोली दहा बाय बारा आणि तिच्यात अठरा-वीस माणसं. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली प्रत्येकाची एक ट्रंक, कोपऱ्यात देवाची तसबीर आणि तिच्याशेजारी टाळ-पखवाज. एवढी माणसं मावायची कशी? एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरी पाळी तिच्या जागी पथारी टाकी. पावसाळा सोडला तर कित्येक जण गॅलरीत, जिन्यात, नाहीतर फूटपाथवर झोपत.

गोव्याच्या लोकांनी मुंबईत धोबीतलाव, डाबूळ या भागांत जे गावागावांचे 'कूड' काढले, त्यांचीही रीत अशीच. बोटीवर नोकरी शोधायला आलेल्या गावकऱ्यानं तिथे ट्रंक ठेवायची, अल्प वर्गणी भरायची आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहायचं.

गाळ्याचे नियम लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. गावाहून नवा पोरगा आला की काम लागेपर्यंत त्याच्याकडून भाडं मागायचं नाही. त्याला काम लावायची जबाबदारी सगळ्यांची. कुणी आजारी पडला तर पाळी सांभाळून एकानं त्याच्याजवळ थांबायचं. कुणी मेलाच तर गावाला कळवणं, वर्गणी काढणं आणि विधवेला पैसे पोचवणं हे गावकरी मंडळानं करायचं. महिन्याची भिशी असे. ज्याच्या घरी लग्न किंवा आजारपण असेल त्याला ती आधी उचलू द्यायची. शनिवारी रात्री भजन. श्रावणात, गणपतीत, शिमग्याला गावाकडची नाचगाणी मुंबईत व्हायची, तालमीत कुस्त्या व्हायच्या.

मी इतिहासाची शिक्षिका. या सगळ्याला मी कितीतरी वर्षं 'लोकजीवन' म्हणत होते, मुलांना तसंच शिकवत होते. हे माणसाला जिवंत ठेवणारं औषध असू शकतं, असं माझ्या मनात आलं नाही. ते आलं एका अमेरिकी डॉक्टरचं लेखन वाचताना. सिडनी कॉब यांनी १९७६ साली सामाजिक आधाराची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की माणसाला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एक, आपली काळजी करणारं कुणीतरी आहे. दोन, आपल्याला किंमत आहे. आणि तीन, आपण देण्याघेण्याच्या, एकमेकांच्या बांधिलकीच्या जाळ्यात आहोत. मी पुस्तक मिटलं आणि मला समोरचा गाळा आठवला. तिन्ही गोष्टी तिथे होत्या. तिसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवा. ती पुढे लागणार आहे.

याला पुरावा काय, असं कुणी विचारेल. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ७ हजार प्रौढ माणसांचा ९ वर्षं मागोवा घेतलेला होता. जोडीदार, नातलग, मित्र, प्रार्थनामंदिर, मंडळं अशी नाती ज्यांची सर्वांत कमी होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण भरपूर नाती असलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघालं. धूम्रपान, दारू, मुळातली प्रकृती हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. गिरणगावाचा असा अभ्यास कुणी केला नाही. पण इतिहासानं तिथे दोन-तीन मोठ्या परीक्षा घेतल्या आहेत.

पहिली परीक्षा प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. सरकारनं घराघरांत झडत्या घेऊन रोगी हुडकायला आणि उचलून रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटलं. पण त्या माणसांच्या बाजूनं पाहा. घरातलं माणूस उचलून नेतात, त्याच्याजवळ आपल्यातलं कुणी थांबू देत नाहीत आणि मेला तर अखेरचं पाणीही आपल्या हातचं मिळेल याची खात्री नाही. त्यांना मरणाचं भय होतंच. त्याहून मोठं भय परक्यांत एकट्यानं मरण्याचं होतं. पुढे निरनिराळ्या समाजांना आपापली रुग्णालयं काढू दिली, तेव्हा विरोध काहीसा निवळला.

आणि माणसं गावी गेली. त्या वेळी मुंबईची वस्ती ८ लाखांच्या वर होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं, गिरण्यांना माणूस मिळेना. संकटात चाकरमानी गावाकडे पाठ टेकायला धावतो, हे तेव्हा दिसलं आणि २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दिसलं. रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे १८९७ मध्ये प्लेगनंच गेले. त्याच साली पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. आणि योगायोग असा, की त्याच १८९७ साली फ्रान्समध्ये एमिल दुर्खाईम यांचा आत्महत्येवरचा ग्रंथ निघाला. माणूस कुटुंबाशी, समाजाशी किती बांधलेला आहे यावर त्याचं तगणं अवलंबून असतं, हे त्यांनी आकडेवारीच्या आधारानं मांडलं होतं.

दुसरी परीक्षा १९२८ च्या संपाची. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने बाहेर होते. मालकांचा होरा असा, की पोटाला चिमटा बसला की महिन्या-दोन महिन्यांत येतील. पण हजारो कामगार गावी निघून गेले. मुंबईत राहिले त्यांना वाण्यानं उधार दिलं, खानावळवालीनं जेवू घातलं, धान्य वाटलं गेलं. या सगळ्यात दयेचा भाग थोडा होता. वाण्याचं दुकान चालणार ते कामगारावरच, हे वाण्याला ठाऊक होतं. ताण वाटला गेला तो असा: थोडा गावावर, थोडा वाण्यावर, थोडा खानावळीवर. एकाच्या डोक्यावर पडला असता तर तो माणूस मोडला असता.

मात्र हे चित्र मी नुसतं गोडगोड रंगवलं तर तो खोटेपणा होईल. गाळा एका गावचा असे, याचा अर्थ बहुधा एका जातीचाही असे. ज्यांना गावात वेशीबाहेर ठेवलं, त्यांना मुंबईतल्या गाळ्यातही जागा नव्हती. त्यांचे गाळे वेगळे, चाळी वेगळ्या. गिरणीतही तेच. साचेखात्यात चांगला पगार असायचा, पण तिथे दलित कामगारांना शिरकाव नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि दुसऱ्याच्या तोंडचा धोटा सवर्णांना चालत नसे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. एकीच्या गोष्टी करणाऱ्या कामगारांना आपल्या एकीचं कुंपण दिसत नव्हतं. आधार देणारं प्रत्येक वर्तुळ कुणाला तरी बाहेर ठेवतं. 'आपली माणसं' म्हणताना बाहेर कोण उभं आहे, हे पाहिलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट बायकांची. वीस-पंचवीस मेंबरांची खानावळ म्हणजे रोज पहाटे चारला उठणं, पाणी भरणं, शंभर-सव्वाशे पोळ्या किंवा भाकऱ्या, तीन पाळ्यांची तीन वेळची जेवणं आणि महिनाअखेरी पैशांची वाट पाहणं. वाणसामानासाठी सावकाराकडून जबर व्याजानं पैसे काढावे लागत. कामगारांचा आधार कोण, तर खानावळवाली. तिचा आधार कोण? सत्तरच्या दशकातल्या बेचाळीस दिवसांच्या संपात या बायकांनी दागिने मोडून, कर्ज काढून मेंबरांना जेवू घातलं, हे प्रेमाताई पुरव यांनी जवळून पाहिलं. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीनं १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तारण ठेवायला काही नसलेल्या खानावळवाल्या बायकांनी गट करून एकमेकींची हमी द्यायची आणि त्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज घ्यायचं, अशी ती रीत. म्हणजे गाळ्यातल्या पुरुषांनी जे जाळं विणलं, तसं बायकांना स्वतःसाठी विणायला १९७५ साल उजाडावं लागलं.

माझी आई अशीच एक खानावळवाली. आमच्या एकाच खोलीत आम्ही पाच जण राहायचो आणि तिथेच बावीस मेंबर पाळ्यापाळ्यांनी जेवायचे. आता मी येते १८ जानेवारी १९८२ या तारखेकडे. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा बेमुदत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी दहावीत होते, मार्चमध्ये परीक्षा होती. आमच्या चाळीत तेव्हा सणासारखं वातावरण होतं. महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागेल, असं सगळे म्हणत होते. गाळ्यातली माणसं मला म्हणायची, "पोरी, तू अभ्यास कर, आम्ही खाली बसतो." आणि खरंच ती सगळी जण रात्री अकरापर्यंत खाली फूटपाथवर बसून राहायची, गाळ्यातल्या दिव्याखाली मी वाचत असे.

मार्च गेला, पावसाळा आला, दिवाळी गेली. संप चालूच राहिला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. त्या वर्षात मी जे पाहिलं, त्याचा अर्थ मला पुष्कळ पुढे, मारिएनथालविषयी वाचताना लागला.

मारिएनथाल ही ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळची गिरणी कामगारांची वस्ती. १९२९-३० मध्ये तिथली कापडाची गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी तिथे जाऊन केलेली पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना वाटलं होतं, वेळ मिळाला की माणसं वाचतील, एकत्र येतील, चळवळ करतील. घडलं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तकं नेण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. मंडळं ओस पडली. एकमेकांविरुद्धच्या निनावी तक्रारी वाढल्या. अभ्यासकांनी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष हळू चालत होते, पुनःपुन्हा थांबत होते. बायका भराभर जात होत्या, कारण घरचं काम बंद पडलेलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आबा आले. संपात ते रोज पाळीच्या वेळेला घरातून निघायचे, गिरणीच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना तास लागू लागला. आई मात्र पळत होती.

गाळा हळूहळू रिकामा झाला. कुणी गावी गेलं, कुणी भाजी विकू लागलं, कुणी यंत्रमागावर भिवंडीला गेलं. भजन आधी महिन्यातून एकदा झालं, मग बंद पडलं. भिशी मोडली. आधार देणारं जाळं एकाच्या दुःखाला पुरतं, दहा जणांच्याही पुरतं. पण जाळ्याची प्रत्येक गाठच एकदम सुटली तर धरायचं कुणी कुणाला? १९२८ साली तग धरता आला, त्या वेळी वाण्याकडे भांडवल होतं, गावाकडे धान्य होतं आणि सहा महिन्यांनी परत जायला गिरणी होती. १९८२ नंतर परत जायला गिरणीच उरली नाही.

समोरच्या गाळ्यात तात्या नावाचे विणकर होते. भजनात पखवाज तेच वाजवायचे. पावसाळ्यात त्यांनी आमच्याकडे जेवायला येणं बंद केलं. "पुतण्याकडे जेवतो," म्हणाले. त्यांना मुंबईत पुतण्या नव्हता. एकदा मी त्यांना करी रोडच्या पुलावर चणे खाताना पाहिलं. त्यांनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. आईला सांगितलं, तर तिनं डबा भरून दिला. तो डबा तसाच परत आला. "मेंबर पैसे देतो म्हणून जेवतो. मी काय भिकारी आहे?" असं ते म्हणाल्याचं माझ्या भावानं सांगितलं.

कॉब यांनी सांगितलेली तिसरी गोष्ट ती हीच. आधाराचं जाळं देण्याघेण्याचं असतं. ज्याला देता येत नाही, तो लाजेनं स्वतःच बाजूला होतो आणि आपल्याला वाटतं, त्यालाच कुणी नको आहे. आई शाळा शिकलेली नव्हती. पण दोन दिवसांनी ती स्वतः गाळ्याच्या दारात गेली आणि कडक आवाजात म्हणाली, "तात्यानू, माझो पाय दुखता. दादरसून भाजी कोण हाडतलो? उद्यापासून तुमी जायात." तात्या दुसऱ्या दिवशी पहाटे दादरला गेले. भाजी टाकली, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. आईनं ताट वाढलं. पाय दुखतो म्हणजे काय दुखतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुढे दोन वर्षं ते भाजी आणत होते.

अमेरिकेत दोन कारखाने बंद पडल्यानंतर कामगारांची काय अवस्था झाली, याचा सुझन गोर यांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. एक कारखाना शहरात होता, दुसरा ग्रामीण भागात. ज्यांना घरच्यांचा, मित्रांचा आधार होता आणि ज्यांना नव्हता, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या नोकऱ्या सारख्याच गेल्या होत्या. पण आधार नसलेल्यांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं, आजारपणं जास्त होती, खिन्नता जास्त होती. आधारानं नोकरी परत येत नाही. पण नोकरी जाण्याचा घाव शरीरात किती खोल शिरतो, ते त्यावर ठरतं. तात्यांना काम मिळालं नाही. आबांनाही मिळालं नाही; पुढे ते एका इमारतीवर रखवालदार झाले आणि सायझिंग खात्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. त्या वर्षातून आबा पुरते बाहेर आले, असं मी म्हणणार नाही. बावीस माणसांना आईचा आधार पुरला, तो त्यांच्यापर्यंत मात्र पोचला नाही. नवऱ्याला भाजी आणायला सांगून त्याची लाज राखता येत नव्हती.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक वही मिळाली. त्यात १९८२-८३ ची उधारी आहे. आकडे माझ्या हस्ताक्षरात आहेत, कारण लिहायचं काम माझ्याकडे होतं. काही नावांपुढे 'पावले' असं लिहून खोडलंय. काही जण पुष्कळ वर्षांनी, मुलगा नोकरीला लागल्यावर, पैसे आणि गावचे आंबे घेऊन आले होते. आठ-दहा नावांपुढे काहीच नाही. आईनं ती खोडली नाहीत आणि कधी मागितलीही नाहीत. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिला विचारलं होतं, "तू एवढ्या जणांचं केलंस, तेव्हा तुझ्या जिवाला घोर लागला तर तू कुणाशी बोलायचीस?" ती म्हणाली, "नळावर बोलायचो की. पाण्याच्या रांगेत." पहाटेची अर्धा तास रांग, पाच-सहा बायका आणि हंडे. आई ज्या जाळ्यावर उभी होती, ते एवढंच.

आता तो नळ नाही. सार्वजनिक नळ गेला, घराघरांत पाणी आलं, हे चांगलंच झालं. बी.डी.डी.च्या २०७ चाळींमध्ये १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या गेल्या. तिथल्या वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये उंच इमारतीतल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. या गोष्टीचं दुःख करणारी मी नाही. दहा बाय बाराच्या खोलीत वीस माणसांनी राहावं, असं कुणी म्हणू नये. पण गाळ्यात, खानावळीत, नळावर माणसांना रोज एकमेकांची तोंडं बघावी लागत. त्यामुळे कोण जेवायला आला नाही, हे त्याच दिवशी कळायचं. बंद दारांच्या मजल्यावर ते आपोआप कळणार नाही. मुद्दाम विचारावं लागेल.

तेव्हा श्रोत्यांना माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या मजल्यावर, तुमच्या कचेरीत, तुमच्या नात्यात जो अलीकडे दिसेनासा झालाय, त्याच्याकडे जा. उपदेश करू नका आणि नुसता डबाही पाठवू नका. त्याच्याकडे काहीतरी काम मागा.